फोनमधला गोल: पाटणच्या शिलालेखापासून जीपीएसच्या ठिपक्यापर्यंत

जळगावहून धुळ्याला जाताना बसच्या खिडकीतून बाहेर बघा. काळी जमीन, कापूस, मधेच केळीची बाग, आणि नजर जाईल तिथपर्यंत सपाट. अशा वेळी हातातल्या फोनवर एखादी रील येते: "पृथ्वी गोल असती तर आपल्याला तसं दिसलं नसतं का?" तुम्ही हसून पुढे स्क्रोल करता. पण एक क्षण थांबून स्वतःला विचारा, समोरच्याला पटेल असं उत्तर तुम्हाला देता येईल का? "शाळेत शिकवलंय" हे काही उत्तर नाही. "नासाने फोटो काढलाय" यावर तो लगेच म्हणणार, "फोटो एडिट केलाय."

गंमत म्हणजे हाच प्रश्न जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञाने स्वतःच विचारला आणि त्याचं उत्तरही लिहून ठेवलं. तो अभ्यास पुढे चालू राहावा म्हणून आपल्याच जळगाव जिल्ह्यात एक मठ निघाला होता, आणि त्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. तुमच्या फोनमधला मॅप आजही त्याच गणिताच्या घराण्यातलं गणित करतो. चला, सुरुवातीपासून बघू.

सपाट का दिसतं?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. नावावरूनच कळतं, गोलाध्याय हा पूर्ण भाग गोलाबद्दल आहे.

सपाट दिसण्याबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कुठल्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच वाटतो. पृथ्वी प्रचंड मोठी, तिच्यावर उभा असलेला माणूस अगदी छोटा. त्याच्या नजरेत येणारा तुकडा इतका लहान असतो की तो त्याला सपाटच दिसणार.

हे खरं आहे का ते फोनच्या भाषेत तपासू. एक वर्तुळ घ्या, त्याच्या परिघाचा शंभरावा तुकडा कापा आणि तो स्क्रीनवर १०० पिक्सेल लांब दाखवा. मधोमध तो किती फुगेल? गणित केलं तर उत्तर येतं ०.८ पिक्सेल. म्हणजे पूर्ण एक पिक्सेलसुद्धा नाही. स्क्रीनला ती सरळ रेघच.

आता पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर. जळगाव ते धुळे सरळ रेषेत साधारण ८३ किलोमीटर, म्हणजे त्याच्याही जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि जमिनीवर उभं राहून आपल्याला दिसतं किती? डोळ्याची उंची १.६ मीटर धरली तर क्षितिज फक्त साडेचार किलोमीटरवर असतं. एवढ्याशा तुकड्यावरून पूर्ण पृथ्वीचा आकार ठरवणं म्हणजे हत्तीचं नख बघून हत्ती सपाट आहे म्हणण्यासारखं.

पण वाक असतोच. समजा, जळगावात जमिनीला आडवी अशी एक अगदी सरळ दांडी ठेवली आणि ती तशीच सरळ धुळ्यापर्यंत वाढवत नेली. वाटेतला उंचसखलपणा सोडून दिला, तरी धुळ्यात पोहोचेपर्यंत तिचं टोक जमिनीपासून अर्ध्या किलोमीटरहून जास्त वर असेल. तेवढी पृथ्वी मधल्या अंतरात खाली वाकलेली असते. बसमध्ये बसून ते कळत नाही, एवढंच.

चाळीसगावजवळचा दगड काय सांगतो?

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या डोंगरात पाटणदेवी आहे. खानदेशातले बरेच लोक तिथे दर्शनाला किंवा पावसाळ्यात धबधबे बघायला जातात, सेल्फी काढतात आणि परत येतात. पण याच पाटणमध्ये तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, शके ११२८ चा उल्लेख असलेला एक शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

शिलालेखातला मजकूर असा: भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणीसारखे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, दानाचा हिशोब सांगताना, भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावर ग्राहकांकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं, असं तिथे सांगितलंय. तेलाच्या घाण्यांमागे मठाला द्यायचं तेलही लिहिलंय. सगळ्यांना समजायला हवा असा हिशोबाचा भाग लोकांच्या भाषेत कोरला, हे सरळ दिसतं.

विचार करा. बाजारात कोणी काही विकत घेतलं, घाणेवाल्याने तेल काढलं, आणि त्यातला वाटा जिथे गोलाचं गणित शिकवलं जायचं त्या मठाकडे गेला. पृथ्वीचा आकार समजून घेण्याचा खर्च पाटणच्या बाजारपेठेने उचलला होता. आज 'फंडिंग' म्हणतात ते हेच.

भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे आणि त्याचं नाव विज्जलविड, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. काही जण ते गाव पाटणजवळच होतं असं मानतात, काही जण इतर ठिकाणं सांगतात. पण मठ पाटणला होता याबद्दल वाद नाही, कारण दगडच ते सांगतो.

गोलाध्यायातले तीन प्रश्न

गोलाध्यायाची मजा अशी की तो नुसती उत्तरं देत नाही, आधी वाद घालतो.

पहिला प्रश्न: पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर तिच्यापासून उंचावर फिरणारा सूर्य आपल्याला सतत का दिसत नाही? रात्र का होते? आजच्या रीलवालेही इथेच अडकतात. ते म्हणतात, सूर्य टॉर्चसारखा लांब जातो म्हणून अंधार होतो. तसं असतं तर मावळताना सूर्य दुपारपेक्षा बराच लहान दिसायला हवा होता. तो लहान होत नाही, तेवढाच राहून क्षितिजाखाली बुडतो. आणि न्यू जर्सीतल्या मावशीला रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावा. तिच्या खिडकीतून सकाळचं ऊन दिसेल.

दुसरा प्रश्न: पृथ्वीला आधार कोणाचा? कोणी हत्ती म्हणेल, कोणी शेषनाग. भास्कराचार्य विचारतात, मग त्या आधाराला कोणाचा आधार? त्यालाही आणखी कोणाचा? ही साखळी संपतच नाही. शेवटी कुठेतरी 'हा स्वतःच टिकून आहे' असं मानावंच लागतं. मग ते पृथ्वीबद्दलच का मानू नये?

तिसरा प्रश्न: गोलाच्या खालच्या बाजूचे लोक पडत नाहीत का? त्यांचं उत्तर: जो तो आपण राहतो ती बाजू वर समजतो. समोरच्या बाजूची माणसं पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी उलटी असतात खरी, पण तीही आपल्यासारखीच आरामात राहतात. पृथ्वी जड वस्तू आपल्याकडे ओढते, हेही त्यांनी लिहिलंय.

इथे एक सावधगिरी हवी. "न्यूटनच्या आधीच आपल्याकडे गुरुत्वाकर्षण होतं" असा फॉरवर्ड तुम्ही नक्की पाहिला असेल. ओढ आहे असं सांगणं वेगळं, आणि ती अंतरानुसार किती कमी होते याचा नियम देऊन चंद्राची कक्षा काढणं वेगळं. दुसरं काम न्यूटनचं आहे. शिवाय भास्कराचार्यांच्या गणितात पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं त्यांच्या सहाशेहून जास्त वर्षं आधी आर्यभटांनी म्हटलं होतं, पण पुढच्या बहुतेक गणितज्ञांनी ते स्वीकारलं नाही. पृथ्वीच्या गोल असण्याचा विचार ग्रीकांकडेही होता. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. ज्ञान असंच इकडून तिकडे फिरत, दुरुस्त होत पुढे जातं. भास्कराचार्यांना मोठं ठरवायला खोट्या फॉरवर्डची गरज नाही.

चेंडूचं कातडं किती?

दुरुस्तीचं एक झकास उदाहरण गोलाध्यायातच आहे. गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कसं काढायचं? आधीचे मोठे ज्योतिर्विद लल्ल यांनी सांगितलं होतं की वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ. भास्कराचार्यांनी हे चूक ठरवलं. त्यांचा नियम: परीघ गुणिले व्यास.

क्रिकेटचा चेंडू घ्या. परीघ २२.५ सेंटिमीटर, व्यास साधारण ७.१६. गुणाकार १६१ चौरस सेंटिमीटर. म्हणजे चेंडूवरचं कातडं मोठ्या फोनच्या स्क्रीनच्या दीडपट. पटण्यासारखं आहे. लल्लांच्या पद्धतीने तेच उत्तर ९०६ येतं. आणि तोच चेंडू मिलिमीटरमध्ये मोजला तर खऱ्या उत्तराच्या साडेपाचपट होतं ते छप्पनपट होतं! एकक बदललं की ज्या सूत्राचं उत्तर असं पळतं, ते सूत्र चुकीचंच असणार.

भास्कराचार्यांनी आपला नियम पटवताना आवळ्याचं उदाहरण घेतलं. आवळ्यावर देठापासून खालपर्यंत नैसर्गिक रेघा असतात. तशाच उभ्या फोडी गोलावर कल्पून एकेका फोडीचं क्षेत्रफळ काढायचं आणि सगळी बेरीज करायची. मोठा प्रश्न छोट्या तुकड्यांत मोडायचा ही कल्पना पुढे कॅल्क्युलसचा पाया ठरली.

मॅप सपाट केला की काय बिघडतं?

आता मोसंबी सोला आणि साल टेबलावर सपाट दाबून बघा. ती फाटते किंवा ताणली जाते. तुमची साल सोलण्याची पद्धत चुकली म्हणून नव्हे. गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करताच येत नाही. हे १८२७ मध्ये जर्मन गणितज्ञ गाऊस यांनी सिद्ध केलं.

फोनची स्क्रीन सपाट आहे, म्हणून मॅप बनवणाऱ्यांना काहीतरी ताणावंच लागतं. बहुतेक मॅप ॲप 'मर्केटर' पद्धत वापरतात. तिच्यात रस्त्यांचे कोन बरोबर राहतात, चौक चौकासारखाच दिसतो, त्यामुळे गल्लीतून वाट काढायला ती उत्तम. पण ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. अशा मॅपवर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. त्यामुळे देशांची तुलना करायची असेल तर सपाट मॅपवर विश्वास ठेवू नका, गूगल अर्थमधला गोल फिरवून बघा.

निळा ठिपका कुठून येतो?

मॅप उघडला की निळा ठिपका दिसतो: "तुम्ही इथे आहात." हा ठिपकाही गोलांच्या मदतीने मिळतो, फक्त हे गोल डोळ्यांना दिसत नाहीत.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत सतत सांगत असतात, "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत." तो संदेश किती उशिरा पोहोचला यावरून फोन अंतर काढतो. समजा एका उपग्रहापासून तुम्ही २१,००० किलोमीटरवर आहात. म्हणजे त्या उपग्रहाभोवती २१,००० किलोमीटर त्रिज्येचा एक गोल कल्पा, तुम्ही त्याच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहात. दुसऱ्या उपग्रहाचा गोल पहिल्याला एका वर्तुळात छेदतो. तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो. त्यातला एक बिंदू साधारणपणे पृथ्वीपासून खूप दूर असतो, म्हणून उरला एकच.

मग चौथा उपग्रह कशाला? कारण फोनचं घड्याळ स्वस्तातलं असतं. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. चौथ्या उपग्रहामुळे घड्याळाची चूकही काढता येते. आपल्या इस्रोची 'नाविक' यंत्रणाही याच तत्त्वावर चालते.

ठिपका मिळाला. आता जळगाव ते धुळे सरळ अंतर हवं असेल तर? अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचं अंतर काढायला ॲप बनवणारे जे सूत्र खूपदा वापरतात त्याचं नाव 'हॅव्हरसाइन'. यातला 'साइन' शब्द मूळचा आपला. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणतात. तो शब्द अरबीत 'जीबा' झाला, पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याचा खोलगट भाग. म्हणून लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर 'सायनस' झालं आणि तिथून 'साइन' आला. हॅव्हरसाइन ज्या 'व्हर्साइन'चा निम्मा भाग, त्याला आपले ज्योतिर्विद 'उत्क्रमज्या' म्हणत. दोन कोनांच्या बेरजेचा साइन काढायचा नियम, जो आज बारावीच्या आधीच शिकावा लागतो, तोही भास्कराचार्यांनी दिलाय.

करून बघा: जळगाव आणि उज्जैन

आता मुद्द्याचं. कोणाचंही न ऐकता पृथ्वी स्वतः मोजता येते. जुन्या भारतीय ज्योतिषात मुख्य रेखावृत्त उज्जैनवरून जायचं, जसं आज ग्रिनिचवरून जातं. फोनवर बघा: उज्जैनचा रेखांश सुमारे ७५.८ अंश, जळगावचा सुमारे ७५.६. म्हणजे जळगाव जवळपास उज्जैनच्या सरळ दक्षिणेला आहे! या प्रयोगाला याहून चांगली जोडी मिळणं कठीण.

उज्जैनला कोणी ओळखीचं असेल तर दोघांनी एकाच दिवशी हे करा:

१. बरोबर एक मीटर उंचीची काठी सपाट जागेवर उभी करा. ती अगदी सरळ उभी आहे ना, हे फोनमधल्या लेव्हल ॲपने तपासा.

२. दुपारी बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या आसपास मिळेल. टोक थोडं धूसर असतं, तेव्हा धूसर भागाचा मध्य धरा.

३. सावली मीटरमध्ये लिहा. कॅल्क्युलेटर सायंटिफिक मोडवर नेऊन तिचा 'टॅन इन्व्हर्स' काढा. तो सूर्यकिरणांचा कोन.

४. दोन्ही गावांच्या कोनांतला फरक काढा.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास केलं तर जळगावात सावली ३८.४ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी, उज्जैनला ४२.८ च्या आसपास. कोन २१.० आणि २३.२, फरक २.२ अंश. दोन गावांतलं अंतर साधारण २४० किलोमीटर. २.२ अंशाला २४० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर सुमारे ३९,३००. दोन्ही ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर. दोन काठ्यांनी आणि पट्टीने एवढं जवळ जाता येतं.

फरक थोड्याच सेंटिमीटरचा असल्यामुळे मोजमाप नीट करा. अर्धा सेंटिमीटर चुकलं तर उत्तर दहा टक्क्यांहून जास्त हलतं.

भास्कराचार्यांचं गणितही याच रस्त्याचं आहे. त्यांनी सांगितलं की विषुववृत्तापासून उज्जैन पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, म्हणून ते अंतर सोळाने गुणलं की परीघ मिळतो. सोळावा भाग म्हणजे २२.५ अंश. उज्जैनचा आजचा अक्षांश २३.२. जीपीएस नसताना!

मग पृथ्वी अगदी गोल आहे का?

नाही. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. जीपीएस ज्या मोजमापावर चालतं त्यात विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६,३५७ किलोमीटर धरतात. फरक २१ किलोमीटर, म्हणजे चेंडूएवढ्या पृथ्वीवर केसाएवढा. हीसुद्धा एक दुरुस्तीच. लल्लांना भास्कराचार्यांनी दुरुस्त केलं, भास्कराचार्यांच्या स्थिर पृथ्वीला पुढच्या शास्त्रज्ञांनी.

शाळेत आपण ज्या विषयाला कंटाळायचो, त्याच्या नावातच उत्तर होतं: भूगोल. भू म्हणजे पृथ्वी, गोल म्हणजे गोल. पुढच्या वेळी पाटणदेवीला गेलात तर त्या शिलालेखाची चौकशी जरूर करा. आणि पुन्हा ती सपाट पृथ्वीची रील आली तर वाद घालू नका. एक मीटरची काठी घ्या, उज्जैनच्या मित्राला फोन लावा आणि सावलीचा फोटो कमेंटमध्ये टाका.